नईम सर, तुम्ही खोडलेला ‘रफ’

सर,

बुधवारी सकाळी फोनवर तुमचं नाव आलं तेव्हा मी लातूरला आमच्या क्लासच्या जिन्यात उभी होते. रविवारी तुमच्याशी भांडण झाल्यापासून तीन दिवस मी ठरवत होते की आधी फोन कुणी करायचा, तुम्ही की मी. नाव बघून इतकं हायसं वाटलं की हॅलोसुद्धा न म्हणता मी बोलून टाकलं, ‘‘सर, मी रविवारी लईच बोलले.’’

पलीकडून तुमची सबा म्हणाली, ‘‘ताई, मी सबा. अब्बू गेले.’’

मी विचारलं, ‘‘कुठं गेले?’’

सर, मी खरंच असं विचारलं. मला वाटलं, फोन घरी विसरून तुम्ही छापखान्यात गेलात. सबानं तेच दोन शब्द पुन्हा सांगितले. तरी मी म्हणाले, ‘‘बरं, आले की सांग, मंगलचा फोन होता म्हणून.’’ मग ती रडायला लागली आणि मी जिन्याच्या पायरीवर बसले.

बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, कुठं? मी म्हणाले, सरांकडे. तो म्हणाला, ‘‘मॅडम, गाव सांगा गाव. सर समद्यांलाच असत्यात.’’ मागच्या सीटवरचे दोघं हसले. मीसुद्धा हसले असेन. अहमदपूर कधी गेलं, लोहा कधी आलं, काही कळलं नाही.

नांदेडला पोचले तेव्हा जनाजा निघून गेला होता. गल्लीतून माणसं परत येत होती. ‘आव आव, मंगल’ असं तुम्ही आतून म्हटल्याशिवाय मी त्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी उंबऱ्यापाशी तशीच उभी राहिले. शेवटी सबा आली आणि हात धरून आत घेऊन गेली. बायकांनी सरकून जागा दिली. सबा हळूच म्हणाली, ‘‘मंगळवारी क्लास घेतला, ताई. पोरांना लिहायला दिलं, उद्या तपासतो म्हणाले. सकाळी दाढी करायला बसले. अर्धीच झाली होती. तोंडावरचा साबण मी पुसला.’’

त्या अर्ध्या दाढीपाशीच मी अजून थांबलेली आहे. पुढचं काही खरं वाटत नाही. लोक म्हणतात, त्रास न होता गेले, चांगलं झालं. मला त्यात चांगलं काही दिसत नाही. त्रास झाला असता तर मी आले असते. दवाखान्यात तुमच्या पायाशी बसले असते आणि रविवारचं बोलणं मागे घेतलं असतं.

रविवारचं सांगते. पण ते वाचणाऱ्याला कळायचं तर आधी आपल्या दोघांमधला तो शब्द सांगावा लागेल.

आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी आम्ही डोळ्यांनी शिकलो. पुस्तकात शब्द दिसायचा, शेजारी अर्थ असायचा, दोन्ही पाठ करायचं. कानावर इंग्रजी पडण्याचा प्रश्नच नव्हता. आर-ओ-यू-जी-एच हा शब्द आम्ही ‘रौघ’ असा वाचायचो. रौघ, रौघ म्हणजे खरबरीत. दहावीला तो मला बरोबर आला होता. मग उमरीहून मी नांदेडला कॉलेजला आले. घरात कुणीच कॉलेज बघितलेलं नव्हतं, त्यामुळे विचारायचं कुणाला हेही कळत नव्हतं. इंग्रजी येईना म्हणून कुणीतरी तुमच्या शिकवणीचं नाव सांगितलं.

जुन्या नांदेडातल्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खाली एक छोटं दुकान होतं. त्याच्या पाटीवर ‘रफूकाम’ असं लिहिलेलं. जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक म्हातारे चाचा तिथं मांडीवर कपडा घेऊन बसलेले असत. फाटलेल्या कापडातूनच दोरा काढायचे आणि त्यानंच भोक असं विणून टाकायचे की नंतर सापडू नये. मी जिना चढायच्या आधी रोज दोन मिनिटं बघत थांबायची.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, ‘‘रफ बुक आणलं का सगळ्यांनी? रफ म्हणजे काय, कोण सांगेल?’’

आम्ही गावाकडं ‘कच्ची वही’ म्हणायचो. ‘रफ’ मी कधी ऐकलंच नव्हतं. पण कुणाचा हात वर नव्हता आणि मला वाटलं, हे तर मला येतं, रोज पाटी वाचते मी. उठले आणि म्हणाले, ‘‘सर, रफू करायची वही. चुकलेलं जिथं नीट करतो ती.’’

काय हसला वर्ग! मागून एक पोरगा ओरडला, ‘‘मग फेअर वही म्हंजे इस्त्रीची का?’’ शेजारची म्हणाली, ‘‘अगं, सुई-दोरा उमरीहूनच आणलास का?’’ मी मान खाली घातली. जरा वेळानं तुम्ही म्हणालात, ‘‘बस.’’ तेवढंच. आणि फळ्यावर तो शब्द लिहिलात. आर-ओ-यू-जी-एच. तेव्हा मला समजलं की माझा रौघ आणि तुमचा रफ एकच. एकाच शब्दाला मी दोनदा फसले होते.

दोन दिवस मी आले नाही. बॅग भरून ठेवली होती, सर. हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. फीचे पैसे आधीच दिलेले होते, आई विचारेल, म्हणून तिसऱ्या दिवशी परत आले. त्या दिवशी टेबलावर पत्र्याचा डबा होता.

प्रत्येकाला तुम्ही पुढं बोलावलंत. डोळे मिटायचे, डब्यात हात घालायचा आणि हाताला जे लागतंय त्याला आपल्या घरात जे म्हणतात ते सांगायचं. काचकागद होता, पोत्याचा तुकडा होता, कौलाची खापरी होती, घोसाळ्याची वाळलेली जाळी होती. मी म्हणाले, खरबरीत. देगलूरची एक मुलगी म्हणाली, ‘‘आमच्या घरी गरुकु म्हणतात.’’ तिच्या घरात तेलुगू. तुम्ही म्हणालात, ‘‘आमच्याकडं खुरदरा.’’ सगळे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिलेत आणि मग शेवटी इंग्रजी. त्यानंतर भरडलेल्या ज्वारीची चिमूट माझ्या बोटांत दिलीत. ‘‘आता? हे पण रफ?’’ मी ‘हाव’ म्हणाले. ‘‘नाही बेटा. काचकागदावरून हात फिरवला की हाताला लागतं, ते रफ. हे चिमटीत घेतलं की दाणा मोठा कळतो, हे कोर्स, जाडंभरडं. डोळ्यांनी नको शिकू. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं.’’

मग तो शब्द महिनाभर आपल्या मागे होता. समुद्र रफ असतो, कारण पाणी खालीवर होतं. आवाज रफ असतो. माणूस रफ बोलतो, तेव्हा समोरच्याला ओरखडा उठतो. रफ कॉपी, रफ अंदाज. रोज नेसायच्या साडीला माझी आई ‘रफ वापराची’ म्हणते हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही केवढे खूश झालात! मी एकदा चिडून विचारलं, ‘‘सर, अंदाजाला कुठं हात लावता येतो? तो रफ कसा?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘लेख लिहून झाला की मराठीत काय म्हणतात? एकदा हात फिरवा. ज्यावरून तो हात अजून फिरला नाही, ते रफ.’’

मी आता इंग्रजी शिकवते. लातूरला माझ्यासमोर खेड्यापाड्यातून आलेली पोरं बसतात आणि नाइफला ‘क्नाइफ’ म्हणतात. मी हसत नाही आणि कुणाला हसू देत नाही. ही नोकरी, ही भाषा, ‘मॅडम’ म्हणून घेण्याची सवय, सगळं त्या दोन खोल्यांतून आलं. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तेव्हा आईनं तो देवाजवळ ठेवला होता आणि म्हणाली होती, ‘‘तुझ्या त्या सरास्नी दाखीव आधी.’’ मी दाखवला. तुम्ही चष्मा पुसून सगळा वाचलात, खालची बारीक अक्षरंसुद्धा, आणि म्हणालात, ‘‘स्पेलिंग बरोबर आहेत.’’

आता रविवारचं.

गेलं वर्षभर तुम्ही ते पुस्तक करत होतात, खेड्यातल्या मुलांसाठी. एकेक इंग्रजी शब्द घेऊन त्यावर पान दोन पानं. मी लातूरहून वाचून पाठवायची आणि मग आपली भांडणं व्हायची. तुम्हाला माझे स्वल्पविराम आवडायचे नाहीत, मला तुमची लांबलचक वाक्यं. तुम्ही एक शब्द बदलायला माझ्याकडून चार फोन करून घ्यायचात.

शनिवारी आमच्या स्टाफरूममध्ये विवेक सर चहा पीत होते. तेही तुमचेच विद्यार्थी, माझ्यानंतर पाच-सहा वर्षांनी आलेले. कुणाच्या तरी चुकीवरून विषय निघाला आणि ते म्हणाले, ‘‘आमचे नईम सर एक किस्सा सांगायचे. उमरीची एक मुलगी होती म्हणे. रफ म्हणजे रफू करायची वही म्हणाली!’’

सगळे हसले. सर, सगळ्यांत आधी मी हसले. कुणाला कळू नये म्हणून.

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती गोष्ट त्या वर्गातच राहिली. ती दर वर्षी नव्या पोरांना सांगितली जात होती, आणि शेवटी लातूरला येऊन माझ्याच समोर चहाबरोबर बसली. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. सकाळी तुम्हाला फोन लावला.

‘‘सर, तुम्ही ती गोष्ट दर वर्षी सांगता?’’

‘‘कोणती, बेटा?’’

‘‘रफूची.’’

‘‘हौ, सांगतो ना. पुस्तकात पण टाकली. तुला दाखवणारच होतो.’’

‘‘काढून टाका.’’

‘‘अगं, ऐक तर आधी...’’

‘‘माझ्या अडाणीपणावर किती वर्षं पोरं हसवणार तुम्ही?’’

‘‘हसवायला नाही सांगत मी.’’

‘‘हसतात ना पण!’’

तुमच्याकडं कुकरची शिट्टी झाली. तुम्ही म्हणालात, ‘‘हौ. हसतात.’’

तिथं थांबले असते तर आज हे लिहायची वेळ नव्हती. पण मी पुढं म्हणाले, ‘‘तुम्हाला नाही कळायचं, सर. तुम्ही शहरातले. लाज काय असते हे तुम्हाला काय माहीत?’’

तुम्ही म्हणालात, ‘‘बरं. काढतो.’’ आणि जेवलीस का वगैरे काही न विचारता फोन ठेवलात.

ह्या रविवारी मी पुन्हा नांदेडला आले. सबानं पुस्तकाची छपाईआधीची पानं माझ्यापुढं ठेवली. छापखान्याचा दोनदा फोन येऊन गेला होता, पानं कधी परत देता म्हणून. ‘‘तुम्हीच बघा ताई, मला यातलं काही कळत नाही,’’ ती म्हणाली. मी ‘रफ’चं पान काढलं.

सगळं पान खोडलेलं होतं. तिरकी फुली नव्हती. स्केल धरून प्रत्येक ओळीवर सरळ रेघ, लाल पेनानं. आणि वर तुमच्या हातानं लिहिलेलं: ‘रफ : खरबरीत.’

मला धक्का बसला, सर. बुधवारपेक्षा कमी नाही. एका शब्दाला एकच अर्थ देऊन मोकळं झालेलं तुम्हाला मी पहिल्यांदाच बघत होते.

रेघांखालचं वाचता येत होतं. मी वाचलं. तुम्ही लिहिलं होतं, उमरीच्या एका मुलीनं मला सांगितलं की रफ म्हणजे रफू करायची वही. पुढं लिहिलं होतं, माझे वडील रफूगर होते. दुकान वर्गाच्या खालीच होतं. वर्गातल्या कुणालाही ते माझे वडील आहेत हे ठाऊक नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. जिना चढताना मी त्यांच्याकडं न बघता जात असे. इंग्रजीचा मास्तर रफूगराचा मुलगा आहे हे कळलं तर फी देणारे काय म्हणतील, असं मला वाटे. माझ्या वर्गात ‘रफू’ हा शब्द पहिल्यांदा त्या मुलीनं उच्चारला, मोठ्यानं आणि खात्रीनं.

तिथून पुढं पानाच्या शेवटापर्यंत तुम्ही दोन्ही शब्दांचं लिहिलं होतं. एक इंग्रजी, एक आपल्याकडचा, नातं काही नाही, नुसता आवाज सारखा. पण एकावरून हात अजून फिरायचा असतो आणि दुसऱ्यावरून फिरून झालेला असतो.

मी ते तिथंच, सबासमोर, दोनदा वाचलं. चाचा तुमचे वडील हे मला पुढच्या वर्षी कळलं होतं. तुम्हीच एकदा वर्गाला सहज सांगितलंत, आणि नंतर क्लासच्या आधी तुम्ही त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायचात तेही मी बघितलं होतं. त्याच्याआधी तुम्ही बसत नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्यांचं आपापल्या वडिलांशी जसं असतं तसंच असेल म्हटलं.

‘‘हे कधी खोडलं?’’ मी विचारलं.

‘‘रविवारीच. तुमचा फोन झाल्यावर,’’ सबा म्हणाली. ‘‘मी म्हटलं, अब्बू, राहू द्या की, दादाजानचं आहे त्यात. तर म्हणाले, तिची गोष्ट आहे. तिला नको, तर नको.’’

सर, तुम्ही एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असता. ‘लाज काय असते तुम्हाला काय माहीत’ म्हटल्यावर एवढंच म्हणायचं होतं, मंगल, खाली बसायचे ते कोण होते? पण तुम्ही बरं म्हणालात. मी माझी गोष्ट काढायला सांगितली आणि तुम्ही तिच्याबरोबर तुमच्या वडिलांनासुद्धा काढून टाकलंत. एरवी एका स्वल्पविरामाला मला चार फोन करायला लावायचात. हे एवढं मात्र माझं लगेच ऐकलंत. का ऐकलंत? हा राग मी आता कुणावर काढू?

आणि तरी माझं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही, सर. तुम्हीच शिकवलंय, माणूस मोठा आहे म्हणून उत्तर बदलायचं नाही. मला न विचारता तुम्ही ती गोष्ट इतकी वर्षं सांगितलीत. पुढची निम्मी, तुमची असलेली, पोरांच्या लक्षात राहत नव्हती. हसण्यासारखी तेवढी राहत होती, आणि ती माझी होती. ह्यावरून मला तुमच्याशी भांडायचं होतं, चांगलं तासभर. तुम्ही गेलात म्हणून तो मुद्दा खोटा होत नाही.

पण खोडायला सांगायचा हक्क मला अर्ध्याच पानाचा होता.

सोमवारी मी छापखान्यात गेले. तिथले मालक म्हणाले, ‘‘मॅडम, सरांनी खोडलंय. खाली सही पण हाय त्यांची. मी कसं घालू?’’

मी म्हणाले, ‘‘खोडायला मीच सांगितलं होतं. घाला.’’

‘‘सबाताईला इचारलं का?’’

‘‘विचारलं. तिनंच सांगितलं, घाला म्हणून.’’

‘‘सगळं?’’

‘‘सगळं. फक्त ‘उमरीची एक मुलगी’ काढा. तिथं माझं नाव घाला.’’

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पानाकडं बघितलं. ‘‘म्हंजे ती तुम्ही व्हय?’’ म्हणाले. आणि पेन्सिल कानामागून काढून नाव लिहून घेतलं. काना-मात्रा विचारून.

काल लातूरला कामावर गेले. स्टाफरूममध्ये विवेक सर माझ्याजवळ येऊन बसले. ते म्हणाले, ‘‘लई रफ आठवडा गेला ना, मॅडम.’’ आणि तो शब्द वापरला म्हणून स्वतःच गप्प झाले.

मी म्हणाले, ‘‘ती उमरीची मुलगी मी होते.’’

ते म्हणाले, ‘‘रफूवाली? तुम्ही?’’

‘‘हाव. मीच.’’

ते लगेच सॉरी सॉरी म्हणायला लागले. मी म्हटलं, असू द्या, मीसुद्धा हसलेच होते की त्या दिवशी. मग मी त्यांना सगळं सांगितलं. खालचं दुकान, चाचा, जिना, तुमची लाज. ते म्हणाले, ‘‘हे सर सांगायचे, मॅडम. आता आठवलं. शेवटी सांगायचे. पण तोवर आम्ही इतके हसत असायचो...’’

मग त्यांनी विचारलं, अगदी साधंच विचारलं, ‘‘त्या दिवशी वर्ग हसला तेव्हा सर काय करत होते?’’

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. इतकी वर्षं मी धरून चालले होते की तुम्हीसुद्धा हसला असाल, निदान थोडंसं, ओठांत. म्हणूनच मला ती गोष्ट टोचत राहिली. पण मी आठवू बघितलं तर समोर फक्त बाकाचं लाकूड येतं. त्यावर कुणीतरी करकटकानं कोरलेलं एक नाव होतं आणि त्याच्या अक्षरांत शाई भरलेली होती. ते नाव मी आजही सांगू शकते. मागच्या बाकावरून कोण काय बोललं तेही. तुमचा ‘बस’ ऐकू येतो.

तुमचा चेहरा मी बघितलाच नव्हता, सर.